हिरव्या रेघा

आधी नवरीच्या गालावर उमटल्या,
मग अख्ख्या मांडवावर.
मला वाटलं, फोटोच तसा आलाय.

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
हुजैफानं लॅपटॉपची पाठ उघडली,
फुंकर मारली. माझ्याच घरातली नऊ वर्षांची धूळ
माझ्याच शर्टावर.

"ग्राफिकची चिप सुटलीय बोर्डापासून. शेकून देतो.
दोन महिने चालेल, नाहीतर दोन दिवस."
आणि हीट गन धरली,
कान दुखला की आई तव्यावरचं फडकं धरायची
तशी, जरा लांबून.

पडदा उजळला. नवरी स्वच्छ.
सुटे पैसे मोजता मोजता म्हणाला,
"आता बंद नका करू."

अल्बम मंगळवारीच गेला. पैसेही आले.
झाकण मिटवायला हात धजत नाही.
समोरच्या गॅलरीतून वर्देबाई विचारतात,
रात्रभर उजेड कसला?