सातशे बारावा भाग

नोटांच्या प्रेसमध्ये मी एकतीस वर्षं
कागद तपासले.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली,
आकडा तिरका बसलेला,
बोट आपोआप थांबायचं तिथे.
आजही थांबतं, पोळीच्या डागावर, लग्नपत्रिकेवर.
म्हणून हेरंबच्या कामांचा हिशेब माझ्याकडे आहे,
त्याच्याकडे नाही.

पहिलं काम हवालदार. पाठमोरा.
दुसरं प्रेत. त्यात शिंकला, पुन्हा घ्यावं लागलं.
मग डॉक्टर, अकरा वेळा,
"आम्ही प्रयत्नांची शिकस्त केली" म्हणत
चष्मा काढणारा.
वकील चार.
मुलीकडचे मामा मोजले नाहीत.
पैसे नव्वद दिवसांनी, म्हणजे कधीतरी.
आणि आई दर वेळी कोठुळे काकूंना हाक मारून
अर्धा तास आधीच टीव्ही लावून बसायची,
तो येऊन जाईल या भीतीने.

लिहायला लागला तो भुकेपोटी नाही, रागापोटी.
एकदा त्याच्या तोंडी वाक्य आलं :
"ही नुसती जमीन नाही, ही माझी आई आहे!"
असं कोण बोलतं, म्हणाला हा.
मग तूच लिही, म्हणाला दिग्दर्शक.
मेकअपच्या आरशाखाली बसून
रंग पुसायच्या कागदावर त्याने लिहिलं :
"सातबारा कुठे ठेवलाय?"
तेवढंच.
पडद्यावरचं घर गप्प झालं, आणि आमचंही.

पुढची अडीच वर्षं तो दिवसा भाऊसाहेब
आणि रात्री भाऊसाहेबाचं उद्याचं बोलणं.
मिशी चिकटवायची, मिशी काढायची, लिहायचं.

मार्चमध्ये अचानक जेल रोडला आला.
खांद्याला लॅपटॉप, हातात द्राक्षांची पेटी.
नाशकात कोणी पाहुणा द्राक्षं आणतं का रे?
हसला नाही.
"चॅनेलला भाऊसाहेब नकोय.
आणि मारायला मीच हवाय.
दुसऱ्या कुणाला त्याची भाषा येत नाही."

दोन दिवस गॅलरीत बसून होता.
पुरात वाहून जाऊ दे, म्हणाला,
प्रेत सापडायला नको,
टीआरपी पडला तर दाढी वाढवून परत येता येईल.
मी गवार मोडत होते.
म्हटलं, पूर दाखवतोस
तर दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला तेही दाखव,
आपल्याकडे पाणी तिथूनच मोजतात.
आणि प्रेत सापडू दे.
आम्ही बाजूला काढलेला कागद
परत गठ्ठ्यात घालत नव्हतो.

बराच वेळ बटणं वाजली नाहीत.
मग वाजली.

भाऊसाहेब पुरात गेला नाही.
खुर्चीत गेला, चहा येईपर्यंत.
एक वाक्य नाही, हात छातीशी नाही.
चहावर साय धरत गेली
आणि कॅमेरा तिथेच राहिला.
मी बोट फिरवलं त्या भागावरून.
कुठे अडलं नाही.

सोमवारी बिटकोपाशी भाजीवाली म्हणाली,
"मावशी, तुमचे भाऊ गेले हो.
माझा पोरगा जेवला नाही रात्री."
कोथिंबिरीची जुडी तशीच टाकली पिशवीत,
पैसे घेईना.
पिशवी हेरंबच्याच हातात होती.
मिशी नव्हती.
"चांगला माणूस होता," तो तिला म्हणाला
आणि मेथीचा भाव विचारला.
"दहाला जुडी," ती म्हणाली, डोळे पुसत.