किल्ली

कोमेवाईन नदीकाठच्या जुन्या मळ्यावर
मी प्रश्नावली घेऊन गेले.
प्रश्न चौदावा: या बहुसांस्कृतिक वस्तीतला
सलोखा शाश्वत कसा राहिला?
खाली दोन ओळींची मोकळी जागा.

वागीयेम शेंगा सोलत होती. थांबली नाही.
"कसला सलोखा? काल रात्रीच
हेंद्रिनाशी तोंड वाजलं माझं.
भरती आली तरी दार उघडं,
माझी वांगी बुडाली."

दार म्हणजे कालव्याच्या तोंडाचं, लोखंडी.
किल्ली एकच. दर शुक्रवारी घर बदलते.
या आठवड्यात हेंद्रिनाच्या चुलीमागे,
खिळ्याला, मिठाच्या डब्यालगत,
म्हणून थोडी गंजलेली.

सेवनारायण म्हणाला, "लिही, आम्ही भांडतो.
मी सुरू करतो सरनामीत, ती जावानीजमध्ये,
शिव्या मात्र सगळ्यांच्या स्रानानमध्ये.
त्या तरी समोरच्याला कळायला हव्यात ना?"

मी विचारलं, आणि भांडण मिटलं तर?

तो पाण्याकडे बघत राहिला.
"पलीकडच्या मळ्यात मिटलं.
एकेक करून सगळे शहरात गेले.
दाराला आता कुणाचा हात लागत नाही.
खारं पाणी येतं,
हवं तेवढं राहतं,
जातं."

चौदाव्या प्रश्नाखाली मी लिहिलं: वांगी बुडाली.
प्राध्यापक विचारतील, हे कुठल्या रकान्यात बसवायचं.

निघाले, तर हेंद्रिना कुंपणाशी उभी.
माझ्या तळहातावर किल्ली ठेवली,
खारट, अजून चुलीची ऊब असलेली.
"आज शुक्रवार. जाता जाता वागीयेमकडे दे.
आणि सांग, सहाला भरती आहे.
मी तिच्याशी बोलत नाही."