भिंतीकडची

पहिल्या दिवशी मी फळा वाचला,
हळूहळू, ओठ हलवत.
आईनं पिठाच्या परातीत बोटानं काढून दाखवलेली अक्षरं
इथं खडूनं लिहिली होती:
बांगडा, सुरमई, तिसऱ्या,
सोलकढी जास्तीची घेतल्यास वीस.
पैसे द्यायच्या चौकोनाला माझा परका फोन ओळखेना.
दोनशेची नोट काढली. थळेबाईंनी गल्ला ढवळला,
नऊ रुपये कमी पडले.
"उद्या देते," म्हणाल्या,
मी उद्या असणार की नाही, हे न विचारता.

रेवदंड्यात मी दोनच दिवसांसाठी उतरले होते.
एक किल्ल्याचा, एक कबरी शोधण्याचा.

दुसऱ्या दिवशी नऊ रुपये घ्यायला गेले.
खोटं कशाला बोलू, भूकही होती.

मग भिंतीकडचं बाक माझं झालं,
म्हणजे तिथं टेकलेल्या एसटीच्या कंडक्टरला
कुणीतरी नजरेनंच सरकवलं.
प्रज्योत ताट आणतो आता, काय हवं विचारत नाही.

पाचव्या दिवशी ताटात तिसऱ्या आल्या,
न मागता, मानाच्या, वर ओलं खोबरं.
मी भात त्यांना वळसा घालून खाल्ला,
खडक चुकवणाऱ्या होडीसारखा.
मी काही फार पाळणारी नाही.
अश्दोदच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी बाई
मिळेल ते खाते.
पण हात गेला नाही,
हाताला आईचं अजून ऐकू येतं.
थळेबाईंनी ताट उचललं, एक क्षण पाहिलं.
पुन्हा कधी वाढल्या नाहीत.
कारणही विचारलं नाही.
माझ्या नवऱ्याला हे जमायला सहा वर्षं लागली.

माझं मराठी ऐकून प्रज्योत हसतो.
मी म्हटलं आगबोट, तो म्हणाला रोरो.
मी म्हटलं दिवाबत्तीच्या वेळी येईन,
तो म्हणाला, म्हणजे सातला?
आईनं ही भाषा पत्र्याच्या ट्रंकेत नेली होती,
घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून.
घडीवर रंग उडालाय. आत कोरी आहे.

शनिवारी मी गेले नाही.
का, ते मलाही धड सांगता आलं नसतं.
रविवारी गल्ल्याशेजारच्या खुर्चीतून
बाईंचे सासरे, एरवी नुसते माशा वारणारे, बोलले:
"शनवारी तुमची चूल नाय पेटत. तेल्याची ना तू?"

घास हातातच राहिला.
माझ्या पासपोर्टावर दोन लिप्या आहेत,
दोन्हींत हा शब्द नाही.

"आमच्या कुंपणाला लागून घाणा होता त्यांचा.
शनवारी बैल सुटा," म्हातारा म्हणाला
आणि परत माशांकडे वळला.
थळेबाई म्हणाल्या, "बाबांचं मनावर घेऊ नका. कढी घालू?"
घाला, म्हटलं.
आवाज जरा कसातरीच आला.

दोन दिवसांचे सोळा झाले.
कबरी सापडल्या, चार. दोन वाचता आल्या.
लॉजवाल्याकडे माझ्या पासपोर्टाची झेरॉक्स आहे, दोन्ही बाजूंची.
थळेबाईंच्या वहीत माझं नावच नाही,
'भिंतीकडची' एवढंच लिहिलंय,
आणि खाली आकडे,
कधी माझ्याकडून येणे, कधी मला देणे,
भरती-ओहोटीला जमावा तसा हिशेब.

शेवटच्या दुपारी सगळं चुकतं करायला
मुद्दाम सुटे घेऊन गेले.
बाईंनी वही माझ्याकडे फिरवली.
अकरा रुपये माझेच निघत होते.

गल्ला उघडा होता.
त्यात दहाचं नाणं होतं, एकाचं नाणं होतं,
शेजारीशेजारी.
मला दिसत होती.
त्यांनाही दिसत होती.

"उद्या देते," त्या म्हणाल्या.

बस सव्वातीनची होती.
मी म्हटलं, "चालेल."