पान अठ्ठ्याऐंशी

तेर्त्तू मोइलानेन शुक्रवारी निवृत्त होतेय
आणि ऑफिसने मला एक तक्ता दिलाय भरायला :
पुरस्कार. प्रकाशने. ठळक कामगिरी, शंभर शब्दांत.
एकोणीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलाशी बसतो मी,
तरी पहिला रकाना कोराच.

एकतीस वर्षं. चौदा आवृत्त्या.
कागदाच्या गिरण्या चालवणारं सॉफ्टवेअर, त्याची माहितीपुस्तिका.
मुखपृष्ठावर कंपनीचं नाव,
आत झडपांची, पंपांची, अगदी वॉशरचीसुद्धा नावं.
तिचं कुठेच नाही.

तिने काय केलं हे सांगायचं तर
तिने बहुतेक खोडलं.
'नुसतं बटण दाबा' मधलं नुसतं.
'अर्थातच' तर दिसेल तिथे.
आणि समासात शिसपेन्सिलीने एकच शब्द : कुणाला?
हे उघडच आहे. कुणाला?
सहज लक्षात येईल. कुणाला?
इंजिनियर वैतागायचे. योउनी म्हणाला होता,
हिच्या थडग्यावरही प्रश्नचिन्हच कोरावं लागेल.

'झडप बंद केली जावी' असं लिहून दिलं की
चष्मा कपाळावर सरकवून ती विचारी,
कर्ता कुठे गेला?
रात्रीचे तीन, बाहेर उणे एकोणतीस,
समोर पडदा लाल झालेला
आणि तुमचं वाक्य म्हणतंय, कुणीतरी काहीतरी करावं.
ते कुणीतरी आत्ता घामाने भिजलंय.
त्याला तू म्हणा.

त्रुटी क्रमांक चार हजार सत्याहत्तर :
'अनपेक्षित अडचण उद्भवली आहे.'
तीन दिवस ती योउनीच्या दारात, हातात कॉफी.
अनपेक्षित कुणाला, तुला की यंत्राला?
चौथ्या दिवशी त्याने मुळातला दोषच काढला.
त्रुटी गेली, पुस्तिकेतलं एक पान कमी झालं.
त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी
वेलदोड्याचे गोड पाव आणले होते.
हे कुठल्या रकान्यात घालू?

शेवटी काल तिलाच विचारलं.
दुपारचे अडीच, खिडकीबाहेर अंधार पडलेला.
तिने खणातून एक पान काढलं.
ग्रीसचे डाग, कोपऱ्यांना पिवळी पडलेली चिकटपट्टी.
पान अठ्ठ्याऐंशी.
केमीकडच्या एका गिरणीत
भिंतीवर लावलेलं सापडलं होतं तिला.
तिचं वाक्य : सात सेकंद थांबा.
सातावर काट मारून कुणीतरी नऊ केलेलं,
खाली वाकड्या अक्षरात :
सातला लगदा उसळतो. वेइक्को, रात्रपाळी.

सहा वर्षं.
सहा वर्षं तिची चूक ते लोक
मुकाट्याने नऊ मोजून सांभाळत होते,
नव्या पोरांना सांगत होते,
पुस्तकात सात आहे, तू नऊ मोज.
आणि ही इथे ताम्पेरेत स्वल्पविराम लावत बसलेली.

पुढच्या आवृत्तीत तिने छापून घेतलं,
वकिलांशी दोन महिने भांडून :
दुरुस्ती, वेइक्को हुओतारी, रात्रपाळी.
चौदा आवृत्त्यांत माणसाचं तेवढं एक नाव.
'हे लिही,' ती म्हणाली, 'शंभर शब्द लागायचे नाहीत.'

मी लिहिलं : नुसतं एकच नाव.
मग नुसतं खोडलं.

सोमवारी जुन्या आवृत्त्या रद्दीत निघतील.
ट्रक उत्तरेला जाईल, त्याच गिरणीत.
पानं भिजतील, फुगतील, शाई सुटेल,
आणि सगळा लगदा होऊन
त्याच झडपेपाशी येऊन थांबेल
जिच्यासमोर कुणीतरी उभं असेल
ओठांतल्या ओठांत मोजत
सात, आठ,