बियाण्याचे कोसे

उपकेंद्राच्या व्हरांड्यात सात बायका, एक सतरंजी.
सत्राचे अडीचशे मिळतात मला,
सात सह्या झाल्या तर.
फळ्यावर पाच कोष काढतो, एकात एक,
परातीत वाट्या ठेवाव्यात तसे :
अन्नाचा, प्राणाचा, मनाचा,
चौथ्याशी खडू तुटतो.

पार्बता मारबते विचारते,
"मास्तर, कोष म्हंजे आमचा कोसाच ना?"
बायका हसतात. मीही हसतो,
फळा पुसेपर्यंत.

त्याच संध्याकाळी तिच्या अंगणात.
चुलीवर राखेच्या पाण्यात कोसे रटरटत होते,
वास असा, की श्वासाचे आकडे चुकावेत.
लुगडं सारून ती मांडीवर धागा वळत होती.
गुडघ्याच्या वरची कातडी गुळगुळीत,
चाळीस वर्षांच्या धाग्यानं घासलेली,
केस उगवायचंच विसरलेली.
"हा तुमचा पहिला," तिथं थापटी मारून म्हणाली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.

कोसा पातळ होत गेला.
आतलं काळं दिसू लागलं,
टपकन घमेल्यात पडलं, उकडलेलं.
कोंबडीनं उचललं.

माझ्या वहीत
शेवटच्या पदराआड आनंद होता.

"सारेच नाही उकडत बाप्पा."
तिनं वर बोट केलं.
आढ्याला माळा टांगलेल्या, बियाण्याचे कोसे,
वारा नसताना एखादा हलायचा.
"हे आपल्या हातानं कोनी फोडत नाही.
रातच्याले आतूनच ओला होते, अन् पाखरू निंगते.
महिनाभर ऐनाचा पाला खाल्ला, खाल्ला,
झाडं खराटा करून टाकले.
अन् निंगते तं त्याले तोंडच नाही राहत, मास्तर.
आठक दिवस जगते. काहीच खात नाही."

"आणि कोसा?"

"भोक पडलेला? त्याचा धागा सलग निंगत नाही.
सोसायटीवाला अर्ध्या भावात नेते."

परतताना वैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली.
डोळे मिटले. आत जायचं होतं.
पोटात गुरगुरलं,
डब्यात दोन भाकरी होत्या, सकाळच्या.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
पाखरं निघाली होती म्हणे, रात्रभर,
घरभर, पंखांवर डोळे घेऊन.
मी वर्तुळं काढली, एकात एक.
हजेरीच्या वहीत सहा सह्या.
सातवी मी केली,
तिच्यासारखी, थोडी वाकडी.

मला अजून तोंड आहे.