माया

ब्लाउज शिवताना मी आत माया ठेवते,
दीड बोट, कधी दोन.
बाईचं अंग भरतं, उतरतं,
चार टाके उसवले की कापड पुन्हा तिचं होतं.
जनकगंजात एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

केतकीच्या पायाचं माप मार्चमध्ये घेतलं.
कंपूवरच्या नर्सिंग होममध्ये, तिसऱ्या रविवारी,
दिल्लीहून डॉक्टर येतात तो महिन्यातला एकच दिवस.
ओलं प्लास्टर पोटरीला थंड लागलं, तशी ती हसली.
साचा दिल्लीला गेला.
एप्रिल गेला. मे गेला.
जूनमध्ये खोक्यातून पाय आले,
पांढरे, प्लास्टिकचे, गुलाबी पट्ट्यांचे,
आणि माझ्या मुलीचे खरे पाय
तोवर पुढे निघून गेले होते.

शेजारच्या पोराची चप्पल लहान झाली
की घरभर कौतुक होतं.
मी तिच्या टाचेवरचा लाल वळ बघत
वाढू नकोस, म्हणाले.
मोठ्याने नाही. पण म्हणाले.

आज पुन्हा तिसरा रविवार.
भिंडची, मुरैन्याची, डबऱ्याची मुलं,
शिवपुरीचा एक बाप, मुलगा चादरीत बांधून पाठीवर.
एक्केचाळीस नंबर, एक डॉक्टर
आणि संध्याकाळची गाडी.
आमचा चौतिसावा.
बत्तिसावर भदौरियाने रजिस्टर मिटलं,
"अगले महीने पहला नंबर आपका, भाभीजी."

डॉक्टरांनी जिन्यातच गुडघा टेकला,
केतकीची टाच तळहातावर घेतली,
प्लास्टिकचा पाय उलटा करून पाहिला.
भला माणूस. बॅग खांद्यावरच होती.
मी विचारलं, यात थोडी माया नाही का ठेवता येत?
त्यांना मराठी कुठलं.
हिंदीत सांगायला गेले, तर तो शब्द
भलतीकडेच गेला.
छताकडे बघून ते म्हणाले,
"हां बहनजी, सब उसी की है,"
आणि धावत सुटले स्टेशनकडे.

घरी आल्यावर कॅलेंडरचं पान फाडलं,
कोऱ्या बाजूवर तिला काखेत धरून उभं केलं,
कापडावरच्या खडूने पाऊल आखलं.
अशी सात पानं आहेत गादीखाली.
पुढची रेघ कुठे येणार
ते आता डोळ्यांना नाही, बोटांना कळतं.
मी दीड बोट सोडून बाहेरून दुसरी रेघ मारली,
पान पाकिटात घातलं, वर भदौरियाचं नाव.
दिल्लीत ते कोण उघडेल, कुणास ठाऊक.

मग राहिलेली कामं. शितोळेबाईंचे दोन ब्लाउज, उद्या सकाळचे.
केतकी सरपटत मशीनखाली आली,
पॅडलवर माझ्या पायांवर तिने आपले पाय ठेवले.
चाक फिरलं. चार पाय खाली, चार पाय वर.
जोरात, म्हणाली.