सर्व बदला

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, मेर्गु टेक्स्टाइलची माडी,
एप्रिलातले दुपारचे तीन.
खाली अठरा माग. वर मी, एक टेबलफॅन
आणि चारशे बारा फाइलींचं एक फोल्डर:
टॉवेल, चादरी, नॅपकिन, भिंतीवरचे गालिचे,
अकरा वर्षांत चार जणांनी चार तऱ्हांनी लिहिलेलं.

राजमल्लूशेठ म्हणाले, वाटणी झाली. कागदही आला.
आता रामचं नाव काढ. सगळीकडून.
एवढं बोलून खिशातला रुमाल काढला,
तसाच घडी न मोडता परत ठेवला.

कुठे तो राम मेर्गु होता, कुठे रामशेठ,
कुठे रामभाऊ, एका पानावर नुसतेच श्री. राम
आणि पुढे बंद पडलेला फोन नंबर.
एकेक वेचत बसले असते तर आठवडा गेला असता.
मी प्रोग्राम उघडला.
'शोधा'च्या चौकटीत दोनच अक्षरं,
'त्याजागी'ची चौकट रिकामी,
आतल्या फोल्डरांसकट, अशी खूण.
आधी एक प्रत मात्र काढून ठेवली.
आई विड्यांचा हिशेब दोन वह्यांत लिहायची,
एक ठेकेदाराची, एक खरी.
त्यातून आलेली सवय असेल.

सर्व बदला.

दोन हजार एकशे नऊ ठिकाणी. अकरा सेकंद.
एका माणसाचं नाव इतक्यांदा?
तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिलं पान उघडलं.
टॉवेलचं वजन चारशे पन्नास ग्
स्पर्श मऊ आणि आदायी
रास्त दध्ये, थेट कारखान्यातून
बुधवारी विक्रीस वि
आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत:
सोलापूरची ऊब, आता तुमच्या घध्ये.

शेठ जिना चढून आले. चष्मा पुसला. वाचलं.
घध्ये म्हणजे काय गं?

घरामध्ये, मी म्हटलं.
त्यातून ते नाव गेलं.

ते काही बोलले नाहीत.
खालचा आवाज किंचित पातळ झाला, कुठेतरी धागा तुटला होता.
सात नंबर, ते म्हणाले, न बघताच.
पुन्हा भरला आवाज, तेव्हा खुर्चीवर बसले.
वजन परत आण. घर पण आण.
बाकीचं एकेक बघून कर. घाई नाही.

मग प्रत उघडली, पहिल्यापासून.
आता प्रोग्राम प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचा,
बदलू?
हो. हो. नको, हे ग्राम आहे. हो.
नको, हे आराम. हो. हो.
साडेपाचला लाइट गेली, यूपीएस किंचाळत राहिला,
मी कडक भाकरी चटणीत मोडून खाल्ली,
शेंगदाण्याचं तेल माउसला लागलं.
लाइट आली. हो. हो. नको.

तीनशे अठराव्या फाइलीत एक फोटो होता.
सुताच्या गुंडाळलेल्या बीमवर दोन पोरं,
घोड्यावर बसावं तशी, एकाला चप्पल नाही.
फोटोच्या पोटात, पानावर दिसत नाही अशा जागी,
कुणीतरी ओळ लिहिलेली:
राजू आणि राम, शाळा बुडवून.
फोटो दिसतो तोवर ही ओळ दिसत नाही.
नेट मंद असलं, चित्र आलंच नाही,
तर चित्राच्या जागी तेवढीच उरते.

बदलू?

शेठ खाली गेले होते. मागांच्या आवाजात
त्यांना हाक मारून उपयोग नव्हता,
असं मी स्वतःला सांगितलं.

रात्री बसमध्ये सुचलं,
प्रोग्राम या शब्दातसुद्धा तो होताच की.
सकाळी शेठनी विचारलं, झालं सगळं?
झालं, म्हटलं.
पडद्यावर अहवाल तसाच उघडा होता,
त्यांच्या चष्म्यासाठी फार बारीक अक्षरात:
तपासलेल्या फाइली चारशे बारा.
वगळलेली एक.